पाणी खराब आहे, पण कशावरून? कचराळी तलावावरचा पहिला अभ्यास

कचराळी तलावाभोवती सकाळी चकरा मारणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "पाणी पार खराब झालंय हो." कुणी वासावरून म्हणतं, कुणी हिरव्या रंगावरून, कुणी कडेला अडकलेल्या वेफर्सच्या पाकिटावरून. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं बाटल्या विसळल्या आणि ब्युरेट भरल्या. त्यामुळे असं काही ऐकलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कशावरून?" सोसायटीत यावरून मला थोडं तिरसट समजतात. पण आठवी-नववीतली चार पोरं या एका शब्दावर खूश झाली आणि एका रविवारी वह्या घेऊन माझ्यामागे आली. पुढचं सगळं त्यांच्यासारख्यांसाठी आहे. म्हणजे पर्यावरणशास्त्र परीक्षेपुरतं वाचलंय, पण पाण्यात कधी थर्मामीटर बुडवला नाही, अशांसाठी. वयाची अट नाही.

ठाण्यात राहून तळं शोधायला लांब जावं लागत नाही. शहरात तिसाहून जास्त तलाव आहेत. गडकरी रंगायतनसमोरचा मासुंदा, येऊरच्या पायथ्याचा उपवन, महापालिकेजवळचा कचराळी हे सगळ्यांच्या ओळखीचे. पण तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असेल तोच घ्या. महिनाभर जायचंय, रिक्षाचे पैसे घालून विज्ञान फार दिवस टिकत नाही.

आधी प्रश्न बारीक करा

"तलाव प्रदूषित आहे का?" हा प्रश्न दिसायला सरळ आहे, पण त्याचं उत्तर मोजता येत नाही. प्रदूषित कुणासाठी? बगळ्याला चालणारं पाणी आंघोळीला चालेलच असं नाही, आणि आंघोळीचं पाणी पिण्याला चालत नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वर्ग वापराप्रमाणे पाडले आहेत. उघड्यावर आंघोळ करायची तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम हवा. मासे आणि वन्यजीव जगावेत एवढीच अपेक्षा असेल तर 4 चालतो. दोन्हीकडे सामू, म्हणजे पीएच, 6.5 ते 8.5 या दरम्यान हवा. आंघोळीच्या पाण्याला आणखी एक अट आहे, बीओडी 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

बीओडी हे नाव ऐकून घाबरू नका. पाण्यातली घाण खाऊन जगणारे जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात, त्याचा हा हिशेब. पाणी बाटलीत बंद करून अंधारात 27 अंशांवर 3 दिवस ठेवायचं, आधी ऑक्सिजन किती होता आणि नंतर किती उरला ते बघायचं. जितका जास्त संपला तितकी जिवाणूंची पंगत मोठी, म्हणजे घाण जास्त. हे घरी जमण्यातलं नाही. पण कल्पना समजली की बातमीतले आकडे वाचता येतात.

तर मग बारीक प्रश्न कसा असतो? आमच्या पोरांचा पहिला प्रश्न होता, "मासे गुदमरतात का?" तासभर वाद घालून तो असा झाला : "पहाटे आणि दुपारी, एकाच जागी, पाण्यातला ऑक्सिजन किती बदलतो?" यात जागा आली, वेळ आली, काय मोजायचं ते आलं. हेच चारदा वाचून पाहा आणि आपल्या प्रश्नाला लावा. जागा, वेळ किंवा मोजायची गोष्ट यांतलं एक जरी सापडलं नाही तरी प्रश्न अजून जाडच आहे.

तळ्याचा श्वास

प्रश्न बारीक झाला की त्याच्यामागे काय चाललंय ते समजून घ्यावं लागतं. पुस्तकात परिसंस्थेची व्याख्या पाठ करून घेतात : जैविक घटक, अजैविक घटक आणि त्यांचे संबंध. ती व्याख्या तळ्याकाठी उभं राहून ऑक्सिजनच्या मागे लागलात की आपोआप समजते.

पाण्यात ऑक्सिजन दोन वाटांनी येतो. एक हवेतून, पृष्ठभागावरून. ही वाट अरुंद आहे, कारण स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे 10,000 पट हळू पसरतो. कारंजं, वारा, लाटा यांनी पाणी ढवळलं की ती रुंद होते. म्हणून तलावातलं कारंजं नुसती शोभा नसतं. दुसरी वाट म्हणजे शेवाळ आणि पाणवनस्पती. उजेड असेतोवर त्या प्रकाशसंश्लेषण करतात आणि ऑक्सिजन सोडतात.

जायच्या वाटा मात्र रात्रंदिवस उघड्या. मासे, गोगलगायी, जिवाणू सगळेच श्वास घेतात, आणि शेवाळही घेतं. हे पोरांना पटायला वेळ लागला. "काकू, झाडं तर ऑक्सिजन देतात ना?" देतात, पण दिवसा. श्वसन त्यांनाही चुकलेलं नाही. रात्रभर आवक बंद आणि खर्च चालू, म्हणून उजाडायच्या जरा आधी तळ्याची शिल्लक सगळ्यात कमी असते. मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी हवा गिळताना दिसतात ते बहुतेक अशाच वेळी.

त्यात तापमानाची भर. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. 20 अंशांना गोडं पाणी लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकतं, 30 अंशांना साधारण 7.6. एप्रिल-मेमध्ये भांड्याचा आकारच लहान होतो, आणि त्याच वेळी गरमीने जिवाणूंची भूक वाढलेली असते.

आता गंमत बघा. दाट हिरव्या तळ्यात भर दुपारी तुम्हाला 30 अंशांच्या पाण्यात 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन सापडू शकतो, मावतो त्याहून जास्त. शेवाळ इतक्या वेगाने ऑक्सिजन सोडतं की तो हवेत निसटायला वेळच मिळत नाही. नवखा माणूस हा आकडा बघून म्हणेल, वा, पाणी छान आहे. प्रत्यक्षात ते शेवाळाच्या अतिरेकाचं लक्षण आहे, आणि त्याच तळ्यात पहाटे 2 मिलिग्रॅमही सापडेल. दुपारी चारला जाणारा आणि पहाटे साडेपाचला जाणारा, दोघेही खरंच बोलतायत आणि दोघांचं भांडण होतंय. माझ्या मते पर्यावरणाच्या निम्म्या वादांत कुणी वेळ लिहून ठेवलेली नसते.

हिरवं का झालं?

शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, शेतातल्या पिकाला लागतो तसाच. सांडपाणी, डिटर्जंट, निर्माल्य, माशांना टाकलेले पाव आणि कुरमुरे, सगळ्यांतून हे खत तळ्याला मिळतं. खत फार झालं की शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. याला सुपोषण म्हणतात. नाव गोंडस आहे, प्रकार नाही.

यातला खरा गुन्हेगार कोणता, हे शोधण्याचा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण "कंट्रोल" (ज्याच्याशी तुलना करायची तो, बाकी सगळं सारखं ठेवलेला भाग) म्हणजे काय ते त्यात डोळ्यांनी दिसतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधल्या चिंचोळ्या भागात प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकला. एका भागात त्याखेरीज फॉस्फरसही टाकला. फॉस्फरस टाकलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. ऊन तेच, पाऊस तोच, पाणी तेच. फरक एकाच गोष्टीचा होता, म्हणून बोट तिच्याकडेच दाखवता आलं. पडद्याशिवाय नुसतं आख्ख्या तळ्यात फॉस्फरस टाकला असता, तर "यंदा ऊनच जास्त होतं" म्हणणाऱ्याला काय उत्तर दिलं असतं?

गृहीतक लिहा, पेनानेच

मोजायला जाण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहा, तारीख घाला. पेन्सिल नको. अंदाज असा असावा की तो चुकूही शकेल. "तलावातल्या ऑक्सिजनवर अनेक घटकांचा परिणाम होतो" हे कधीच चुकणार नाही, म्हणून निरुपयोगी. "दुपारचा ऑक्सिजन पहाटेपेक्षा निदान 2 मिलिग्रॅमने जास्त असेल, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं" हे चुकू शकतं. ढगाळ आठवड्यात कदाचित चुकेलच. चुकलं तर लाज नाही. आमच्यातल्या एका मुलीचा पहिला अंदाज सपशेल चुकला, आणि तिची वही चौघांत सगळ्यात चांगली निघाली, कारण का चुकला ते शोधायला तिने सहा पानं खर्ची घातली.

सामान

थर्मामीटर, ताप मोजायचा नव्हे तर प्रयोगशाळेतला. सामू मोजायच्या पट्ट्या आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचं किट मत्स्यालयाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली. हातमोजे. दोरी. वही.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलेत ते सांगतो म्हणणारं यंत्र, घेऊ नका, असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर विश्वास टाकण्याआधी एक खेळ करा. दोन ग्लासांत नळाचं पाणी घ्या. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा. मीठवाल्यात मीटरचा आकडा उडी मारतो. साखरवाल्यात जागचा हलत नाही. कारण मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेच मोजतो, मीठ वीज वाहायला मदत करतं, साखर करत नाही. म्हणजे साखरेसारखी सेंद्रिय घाण, तेल, जिवाणू यांतलं बरंच काही या मीटरला दिसतच नाही. "टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध" ही समजूत आरओच्या जाहिरातींनी घरोघरी पोचवली आहे. पोरांनी हा खेळ केला त्या रात्री दोन घरांत जेवणाच्या टेबलावर वाद झाले म्हणे.

पारदर्शकता मोजायची तबकडी मात्र घरीच करा. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या सोडून ही पद्धत पारखली. आजही तिला सेकी तबकडी म्हणतात. तळ्यासाठी 20 सेंटिमीटर व्यासाची लागते. आम्ही रंगाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण कापलं, चार भाग आखले, समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवले. मधोमध भोक, त्यातून दोरी, खाली वजनाला दोन मोठे नट. दोरी आधी भिजवा, मगच दर 10 सेंटिमीटरवर मार्करने खूण करा. कोरड्या दोरीवर केलेल्या खुणा पाण्यात खोटं बोलतात, हे आम्हाला दुसऱ्या रविवारी कळलं.

वापरायची अशी : सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडा. दिसेनाशी होते तिथली खोली लिहा. आणखी थोडी सोडून वर ओढा, पुन्हा दिसते तिथली खोली लिहा. दोन्हींची सरासरी. कडेला पाणी उथळ असेल आणि तळाला टेकेपर्यंत दिसत राहिली, तर आकडा नाही लिहायचा, "तळापर्यंत दिसली" असं लिहायचं. पाणी हिरवं म्हणून अडतंय की मातीने गढूळ म्हणून, हे तबकडी सांगत नाही. ते डोळ्यांनी बघून शेजारी लिहा. पावसाळ्यातला तपकिरी गढूळपणा आणि मार्चमधला हिरवेपणा यांचा आकडा सारखा येऊ शकतो.

नमुना घेणं, आणि माझी फजिती

तलावाच्या कडेला तीन जागा ठरवा आणि त्या बदलू नका. झाड, बाकडं, पायरी असं काही ओळखीचं चिन्ह हवं. सुरक्षारक्षक असेल तर आधी जाऊन सांगा. आमच्या इथल्या काकांनी तबकडी बघून पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, मासे पकडताय का?" नंतर तेच पोरांना वेळ झाली की हाक मारू लागले.

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. नळाच्या पाण्याने नको. मग तिरकी धरून पाण्याखाली बुडवा, बुडबुडा आत राहू देऊ नका, झाकण पाण्यातच लावा. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. किटमधली पहिली दोन रसायनं तिथल्या तिथे घाला. ती ऑक्सिजन जागेवर पकडून ठेवतात. पांढरा साका आला तर ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, तपकिरी आला तर आहे. मग आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं आणि किटमधल्या शेवटच्या द्रावणाचे थेंब मोजत मोजत रंग नाहीसा होईपर्यंत घालत जायचं; थेंब जितके जास्त तितका ऑक्सिजन जास्त. ही 1888 मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलरने शोधलेल्या पद्धतीचीच लहान आवृत्ती आहे. यातली रसायनं तीव्र असतात, मोठ्या माणसाने हाताळावीत, आणि वापरलेलं पाणी तलावात नाही, वेगळ्या बाटलीत भरून परत आणावं. तलावाचा अभ्यास करून तलावातच आम्ल ओतणारे मी पाहिले आहेत.

थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढून उजेडात धरून वाचलात तर तुम्ही हवेचं तापमान लिहिताय.

आता फजिती. पहिले तीन रविवार आमची तिसरी जागा, पावसाळी पाण्याच्या पाइपच्या तोंडाजवळची, बाकी दोन्हींपेक्षा ठळकपणे गरम निघत होती. मी मनात पाइपला दोषी ठरवून टाकलं. सांडपाणी येत असणार, कोमट असणार, तक्रार कुणाकडे करायची इथपर्यंत मजल गेली. चौथ्या रविवारी नववीतला मुलगा म्हणाला, "काकू, आपण तिथे नेहमी शेवटी जातो." पहिल्या जागेवर आम्ही सातला असायचो, तिसऱ्यावर पावणेनऊला. तोवर ऊन चढलेलं. पुढच्या वेळी उलट्या क्रमाने गेलो, तर पाइपजवळचं पाणी सगळ्यात थंड. पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईची ही गत, तर नवशिक्यांनी धीर सोडू नये. जागा आणि वेळ दोन्ही एकदम बदलली की कशामुळे फरक पडला ते सांगता येत नाही. क्रम दर वेळी बदला, चिठ्ठ्या टाकून बदललात तर उत्तम.

प्रत्येक जागी प्रत्येक गोष्ट तीनदा मोजा. तिन्ही आकडे लिहा, नुसती सरासरी नको. 6.2, 6.4, 6.3 आणि 4.1, 6.3, 8.5 या दोन्हींची सरासरी 6.3 येते, पण दुसरी पाहून मी किटची तारीख तपासायला धावेन.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर पाण्यात हात-पाय घालू नका, लेप्टोस्पायरोसिस आपल्याकडे दर वर्षी असतो. निसरड्या पायऱ्यांवर एकट्याने जाऊ नका. पृष्ठभागावर हिरवट रंगाची साय दिसली तर तिला उघड्या हाताने स्पर्श नको.

तीन बाटल्यांचा प्रयोग

एवढं जमलं की हा करा. नॉर्वेतल्या गार्डर आणि ग्रान यांनी 1927 मध्ये ही पद्धत वापरली, ती अजून शिकवतात. एकाच बादलीतून एकाच वेळी तीन सारख्या काचेच्या बाटल्या भरा. पहिलीतला ऑक्सिजन लगेच मोजा. दुसरी झाकण लावून, पण काही न गुंडाळता, उजेडात. तिसरीलाही झाकण लावून अल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, उजेडाचा कवडसाही आत जाता कामा नये. दोन्ही बाटल्या चार तास तळ्यात टांगायच्या. सार्वजनिक तलावात चार तास बाटली टांगून ठेवता येत नाही, म्हणून आम्ही तलावाचंच पाणी भरलेली बादली गॅलरीत उन्हात ठेवली आणि बाटल्या तिच्यात बुडवल्या. बादलीचं पाणी तलावापेक्षा लवकर तापतं, हा दोष वहीत लिहिला.

समजा पहिलीत 6 होता, उजेडातल्या बाटलीत 8 झाला, अंधारातल्या बाटलीत 5 उरला. अंधारात शेवाळाला ऑक्सिजन तयार करता येत नाही, नुसता श्वास चालू. म्हणजे चार तासांत श्वासाने 1 मिलिग्रॅम खाल्ला. उजेडात श्वास चालू असूनही 2 वाढले. तेव्हा एकूण तयार झाला 3. फॉइल गुंडाळलेली बाटली नसती, तर तो 1 मिलिग्रॅमचा खर्च कधी दिसलाच नसता. कंट्रोल म्हणजे काय हे मी पोरांना व्याख्येने तीनदा समजावलं होतं. फॉइल सोडल्यावर एकदाच कळलं.

वही

रकाने साधे ठेवा : तारीख, वेळ, जागा, आकाश, काल पाऊस होता का, कारंजं चालू की बंद, तापमान, सामू, ऑक्सिजन, तबकडीची खोली, कोणी मोजलं, आणि "इतर". इतरमध्ये कंटाळवाणं वाटेल ते सगळं जाऊ दे. "पाव टाकणारे आजोबा आले नव्हते." "कावळा मेलेला." आकड्याला एकक लावल्याशिवाय तो आकडा नव्हे. चुकलेलं खोडरबराने पुसायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं. नको वाटणारा आकडा गाळायचा मोह होईल. गाळायचाच असेल तर कारण लिहून गाळा.

सामूबद्दल एक सूचना. 7 आणि 8 यांत एकाचा फरक दिसतो, पण तो दहा पटींचा आहे. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तेव्हा सामू आपोआप वर चढतो, कुणी काही ओतलेलं नसतं. इथेही वेळ लिहिलेली असेल तरच आकड्याला अर्थ.

आधी-नंतर पुरेसं नाही

भाद्रपद आला की सगळ्यांनाच विसर्जनाचा परिणाम मोजायचा असतो. चतुर्थीच्या आधी मोजलं, अनंत चतुर्दशीनंतर मोजलं, फरक आला, झालं. पण त्या दहा दिवसांत पाऊसही पडला असेल, ऊनही बदललं असेल. म्हणून दोन तळी घ्या : एक जिथे विसर्जन होतं, एक जिथे होत नाही. दोन्ही ठिकाणी आधी मोजा, दोन्ही ठिकाणी नंतर मोजा. दुसऱ्या तळ्यातही तेवढाच बदल दिसला तर तो पावसाचा. पहिल्यात त्याहून जास्त दिसला तर तो जादाचा भागच विसर्जनाकडे जाऊ शकतो. शिंडलरचा पडदा आपल्याकडे नाही, पण शेजारचं तळं आहे.

निष्कर्ष लिहिताना "दिसलं" आणि "म्हणजे" यांच्या दोन वेगळ्या ओळी करा. "तीनही जागी दुपारचा ऑक्सिजन पहाटेपेक्षा जास्त दिसला, पाचपैकी चार रविवारी." ही पहिली ओळ. "म्हणजे शेवाळाचा वाटा मोठा असावा; पाचवा रविवार ढगाळ होता." ही दुसरी. पहिल्या ओळीशी तुमचा शत्रूही सहमत व्हायला हवा. दुसरीवर त्याने खुशाल भांडावं.

नंतर खाडी

तळ्यावर हात बसला की ठाण्याची खाडी खुणावते. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. पण तळ्याची वही जशीच्या तशी तिकडे चालत नाही. पाणी खारं-मचूळ, टीडीएस मीटर हात टेकतो, खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमी मावतो, आणि चिखलात उतरणं धोक्याचं. मुख्य म्हणजे पाणी जागेवर नसतं. साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती येते, म्हणजे रोज सकाळी सातलाच गेलात तरी एका रविवारी समुद्राचं पाणी मोजाल आणि दुसऱ्या रविवारी शहराकडून उतरलेलं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून होडीने जायचं झालं तरी वेळ भरतीचं कोष्टक बघूनच ठरवावी लागते. वहीत "वाजले किती"च्या शेजारी एक रकाना वाढवा : "भरती लागून किती तास झाले."